वरचा एक हात

बाबा, तुमच्या शेडमध्ये आता कूलरच्या टाक्या होत नाहीत, विमानाचे फ्लोट होतात. दोन माणसांच्या लहान विमानाला चाकांच्या जागी लावायच्या लांब, पोकळ होड्याच म्हणा. त्या लावल्या की विमान पाण्यावर उतरतं आणि पाण्यावरूनच उडतं. नालवाडीत कोणाला हे सांगितलं की तो आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, इथं एवढं पाणी कुठाय. तुम्हीही हेच विचारलं असतं. म्हणून सांगून ठेवते, चाचणी लांबच्या एका धरणावर आहे आणि पहिल्या फेरीला पायलटशेजारी मी बसणार आहे. ही अट गिऱ्हाइकाची नाही, माझी आहे.

पण आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा तो 'वरचा हात' या शेडमधून जायचं नाव घेत नाही. टाकी तयार, माप बरोबर, गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं, आणि तुम्ही ब्रश बुडवून आतून त्या चिकट, वाळून कडक होणाऱ्या रेझिनचा आणखी एक थर देताय. मी इंजिनिअरिंग शिकून आले तेव्हा म्हटलं, बाबा, याची काही गरज नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "टाकी गळली तं लोक तुह्या कॉलेजले नाई, मले बोलतीन." आणि ब्रश आईच्या हातात दिलात, कारण कोपऱ्यांतून तिचा हात चांगला फिरायचा. तुमच्या टाक्या देवळीत अजून चालू आहेत, कबूल. पण टाकीला उडायचं नसतं हो.

हे फ्लोट कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे आहेत, आणि कार्बनचं सगळं उलटं असतं. जोर कापडात असतो, रेझिन फक्त ते कापड धरून ठेवण्यापुरतं. म्हणून साच्यात कापड बसवून भिजवायचं, वरून प्लास्टिक लावून पंपानं हवा ओढायची आणि जास्तीचं रेझिन काढून टाकायचं. उरलं तर नुसतं ओझं. हे मी आईला दहादा समजावलं आणि दहादा तिनं मान डोलावली. तरी झाकण चिकटवायच्या आधी डावा फ्लोट काट्यावर ठेवला, तर तो उजव्यापेक्षा चांगलाच भारी. आत हात घातला आणि बोटांना तो गुळगुळीत थर लागला. लहानपणापासून ओळखीचा. मी संतापले. गिऱ्हाईक जड फ्लोट घेणार नाही, हे काम गेलं तर पुन्हा टाक्याच करत बसू का, असं काय काय बोलले. आई मेथी निवडत होती. माझं संपेपर्यंत तिनं वाट पाहिली.

"त्याच्यात तू बसनार आहे ना," ती म्हणाली. "मंग मी काऊन नाई देऊ?"

थर घासून काढावा तर कापडाला इजा होणार. शेवटी डावा फ्लोट नव्यानं केला, शेडला कुलूप लावून, किल्ली स्वतःजवळ ठेवून. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं, जेवायला मात्र रोज वाढलं. नवा अगदी हवा तसा हलका झालाय. उद्या दोन्ही ट्रकवर चढतील. जुना अंगणात पडलाय, मला न विचारता आईनं त्यात पाणी भरलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाई ते पितात. थेंबभर गळत नाही. तुम्हाला तर आनंदच झाला असेल.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. माझं गणित बरोबर आहे, तीनतीनदा तपासलंय. तरी आज संध्याकाळी गाई गेल्यावर मी त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून आईचा थर चाचपत राहिले. बसायचं म्हटल्यावर मला तोच हवा होता.