टेगीबाईपुढचं सूप

सोम., ९ फेब्रु.
दुपारी पोलिसांनी टेगीबाईला आमच्या महिला मदत केंद्रात आणून सोडलं. धडगावकडच्या पाड्यावरची, पन्नाशीची. नातवाचा ताप उतरेना म्हणून गावाने हिला डाकीण ठरवलं, मारलं. इथे पाच दिवस राहता येईल. तेवढ्यात जबाब द्यायचा की नाही, तिनेच ठरवायचं. जबाब नाही तर मारणारे मोकळे.
मला तिची पावरी बोली येते चार शब्द. स्वयंपाकाच्या रमिलाबाई तिच्याच बोलीच्या, त्यांचाच आधार. प्रशिक्षणातलं सगळं केलं. दार उघडं, आवाज हळू, हात लावायचा नाही. तरी ती कोपरा सोडेना.

मंगळ., १०
आज माती खाल्ली.
हाताला काम दिलं की बायका शांत होतात, हा माझा नेहमीचा उपाय. सुपात ज्वारी घेऊन निवडायला तिच्यापुढे बसले. ती किंचाळली, सूप लाथाडलं, भिंतीवर डोकं आपटू लागली. रमिलाबाई धावत आल्या.
"ताई, हाई काय करं? बडवा दाणा देखीसनच डाकीणनं नाव सांगस ना!"
बारा वर्षं याच जिल्ह्यात काढली. बडवा म्हणजे पाड्यावरचा भगत, सुपातले दाणे पाहून डाकीण ठरवणारा, ठाऊक होतं मला. ऐन वेळी आठवलं नाही. फॉर्मवर लिहिलं, 'लाभार्थी अस्वस्थ'. समुपदेशक गाढव, हे कोण लिहिणार?

बुध., ११
जेवली नाही. मला पाहिलं की तोंडावर पदर. रमिलाबाई शेजारी नुसत्या बसतात, काही विचारत नाहीत, आणि त्यांच्याजवळ ती डोळे मिटते. हेवा वाटला. लाज वाटते, पण वाटला.

गुरु., १२
रमिलाबाईंना विचारलं, माफी कशी मागू?
"मन्हाकडतीन चूक झायी, इतलंच सांगा."
उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसून सांगितलं. त्यांनी पावरीत सांगितलं. टेगीबाईने तोंडावरचा पदर काढला. मग तिने विचारलं, तुला दाण्यांत काय दिसलं?
म्हटलं, दोन खडे, एक किडा.
हसली नाही. अर्धी भाकरी खाल्ली. जबाब देते म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले.

शुक्र., १३, दु. १२
हवालदारीणबाई आल्या. रमिलाबाई मध्ये बसून मराठीत सांगत होत्या. पहिला हात कोणी उचलला? टेगीबाईने मुलाचं नाव घेतलं. मग घाईघाईने, "ते लिहू नका. बाकीचे लिहा."
पेन थांबलं. हवालदारीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. टेगीबाईसुद्धा.
चहा आणते म्हणून उठले. आधण उकळून उकळून निम्मं झालंय, मी ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. आत दोघी अजून थांबल्यात, मुलाचं नाव लिहायचं की नाही हे मी सांगावं म्हणून.