मेंढ्याच्या डोक्यावरची माझी टोपी

मुलंगा क्रीक, ऑगस्ट १९०५

प्रिय फर्गस,

प्रिय लिहिलंय ते आईने लावलेल्या सवयीमुळे. आज तू समोर असतास तर लोकर कातरायच्या कात्रीने तुझ्या मिशा उतरवल्या असत्या. काल दुकानात पीठ आणि चहा घ्यायला गेले. गल्ल्याजवळ चार लोकर कातरणारे उभे होते, ओळख ना पाळख. दुकानदाराने "या, मिसेस क्विल्टी" म्हटलं मात्र, मागून एकाने "बेंऽऽ" केलं आणि सगळं दुकान खिदळलं. मी पीठ तिथेच टाकून घरी आले. ही तुझी कृपा, कविराज!

कातरणीच्या प्रत्येक शेडमध्ये चहाच्या सुट्टीला तुझं कवन म्हणतात. त्यात काय, तर बार्नीने बड्या कुरणाच्या मालकाचा नामांकित मेंढा पळवला, त्याला बायकोची फितीची टोपी आणि शाल घातली, छकड्यात शेजारी बसवला आणि भर रस्त्याने पोलिसासमोरून नेला. "टोपी उचलून म्हणे शिपाई, 'कशा आहात, क्विल्टीबाई?'" इथे सगळे बाकं बडवतात. अख्ख्या कवनात माझं नाव कुठेही नाही. मी कोण, तर मेंढ्यासारखी दिसणारी बार्नीची बायको! आणि टोपी माझ्या लग्नातली होती. मेंढ्याने तिच्या फिती खाल्ल्या, तेही तू गाळलंस.

खरं काय ते तुला ठाऊक होतं. मालकाने ओढ्याला कुंपण घालून आमचं पाणी तोडलं, म्हणून बार्नीचं डोकं फिरलं. आपल्या मेंढ्यांना चांगली पिल्लं व्हावीत म्हणून त्याने तो मेंढा उसना आणला, परवानगी न विचारता, आणि काम झाल्यावर त्याच्या कुरणात परतही सोडला. चोरी ती चोरीच, मी त्याला तेव्हाही धारेवर धरलं होतं. आणि शिपाई पर्सेल आंधळा नव्हता रे. मेंढ्याची शिंगं टोपीतून दोन्हीकडे बाहेर आली होती! त्याने हसू दाबलं, टोपी उचलली आणि वाट दिली. दुष्काळात माणसं अशी वागतात. तू त्याला जगासमोर बावळट केलंस. कवन छापून आल्यावर वरिष्ठांनी त्याची उचलबांगडी केली. त्याच्या जागी आलेला फौजदार कुणासमोर टोपी उचलत नाही, आणि हसत तर नाहीच.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. आधी मेंढ्याचा विषय निघाला की बार्नी कानापर्यंत लाल व्हायचा. तुझं कवन आलं आणि माझा नवरा हातचा गेला. आता तो चालतोसुद्धा कवनातल्यासारखा, टोपी तिरकी करून. साठी उलटली, शेडमधल्या धुळीने छाती पोखरली, जिना चढताना दोनदा बसतो, पण कुणी "बार्नी, होऊन जाऊ दे!" म्हटलं की उठलाच. परवा हॉटेलात टोळक्याने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पुढच्या महिन्यात मेंढ्यांचं प्रदर्शन आहे. त्या दिवशी मालकाचा पहिल्या नंबराचा मेंढा टोपी घालून पुन्हा छकड्यातून न्यायचा, असं हा सगळ्यांसमोर कबूल करून आला. फौजदाराच्या कानावर गेलंच आहे. तो वाटच बघतोय.

मी रडले, भांडले, तव्यासकट पाव अंगणात फेकला. पाद्रीबाबांना आणलं. बार्नीने त्यांचं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "फादर, तुमचं बरोबर आहे. पण कवनातला बार्नी घाबरत नाही ना!" मी म्हटलं, "मेल्या, कवनातल्या बार्नीला खोकला नाही!" तर म्हणतो, "हॅना, माघार घेतली तर लोक काय म्हणतील?" फर्गस, या छातीने तो तुरुंगातला एक हिवाळा काढणार नाही. त्याच्या डोक्यात शेण भरलेलं आहे, पण तो माझा माणूस आहे आणि मला तो घरात हवा आहे.

तो माझं ऐकत नाही, देवाचं ऐकत नाही, तुझ्या कवनाचं तेवढं ऐकतो. म्हणून हे पत्र. नवीन कडवं लिही आणि प्रदर्शनाच्या आधी तुझ्या साप्ताहिकात छापून आण. त्यात बार्नी ठरल्याप्रमाणे छकडा घेऊन निघतो. शेजारी शाल पांघरून, टोपी घालून कुणीतरी बसलंय. फौजदार झडप घालतो, सगळ्या गावासमोर टोपी ओढून काढतो, आणि खाली निघते बायको, खरीखुरी. फजिती फौजदाराची होऊ दे, बार्नीची अब्रू राहू दे. हे छापलं की तो तसंच करणार, दुसरं काही करायची त्याची छाती नाही. बाकं बडवायची तर लोकांनी या कडव्यावर बडवावीत. मी नवी टोपी शिवायला घेतली आहे, फिती निळ्या आहेत. आणि या कडव्यात माझं नाव घाल. छकड्यात या वेळी मी बसणार आहे.

तुझीच, अजून न निवळलेली बहीण,
हॅना