पाचवी गाठ

४ नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाच्या. नऊ तास बस, त्यातले शेवटचे दोन तास नुसती वळणं, आणि पलीकडच्या सीटवरचे गृहस्थ दर वळणाला माझ्या अंगावर. पण खोलीची खिडकी उघडली आणि सगळा शीण गेला. समोर दरी, पलीकडे एकामागे एक डोंगर, आणि हवा इतकी स्वच्छ की उगाचच दोनदा श्वास घ्यावासा वाटतो. दोन खाटा, जाड पांघरुणं, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ. आरसा मात्र एवढासा, की त्यात एकतर नाक दिसतं नाहीतर कपाळ.

खिडकीजवळची खाट धाकटीला दिली. विचारायची गरज नव्हती, माझ्या बहिणीला काय आवडतं ते मला तिच्याआधी कळतं. तिचे यजमान जाऊन सात महिने झाले. तेव्हापासून बाई तोंडातून शब्द काढत नाही. विचारलं तर मान हलवते, फार तर हूं. शेवटी मीच बॅगा भरल्या आणि सांगितलं, आठ दिवस डोंगरावर चल, बोलती करूनच परत आणते. बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. घेतली, भल्याभल्या घुम्या पोरांना तोंड उघडायला लावलं. ही तर घरचीच.

जेवणाच्या खोलीत वाढप्याने विचारलं, चहा की कॉफी. मी दोघींना चहा सांगितला. धाकटीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

५ नोव्हेंबर, सोमवार

इथे दुपारी तीनला धुकं येतं, अगदी घड्याळ लावून. कड्याच्या टोकापर्यंत तासाभराची पायवाट आहे, एका अंगाला सरळ दरी. लॉजचा वाटाड्या लोकांना नेतो ते दोर धरून. दोराला गाठी बांधलेल्या, प्रत्येकाची एक गाठ आणि प्रत्येकाचा एक आकडा. धुक्यात पुढच्याची पाठसुद्धा दिसत नाही, म्हणून दर पन्नास पावलांवर तो शिट्टी मारतो आणि प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. तो स्वतः एक, मग नवं लग्न झालेलं जोडपं दोन आणि तीन, मी चार, धाकटी शेवटची, पाच. निघताना त्याने बजावलं, आपला आकडा आपल्याच तोंडाने, दुसऱ्याचा थट्टेतही म्हणायचा नाही. मला माणूस आवडला. शिस्त लागते अशा कामाला.

तिसऱ्या शिट्टीला, एका वळणावर, धाकटी अडली. पहिल्या दोन वेळा कशीबशी पुटपुटली होती. त्याने पुन्हा शिट्टी मारली, पुन्हा काही नाही. पुढे ती नवी नवरी फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मीच म्हणून टाकलं, पाच. त्यात काय एवढं? शाळेत तिच्या बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर मी द्यायची. तिला बघायला आले तेव्हाही स्वयंपाक येतो का, हे मीच सांगितलं होतं.

वाटाड्या दोर धरत मागे आला. कोण म्हणालं विचारलं. मी सांगितलं. रागावला नाही, पण सगळ्यांना तिथूनच परत फिरवलं. कडा राहिला तो राहिलाच. लॉजवर आल्यावर मी त्याला चांगलं सुनावलं. तो म्हणाला, आकडा दुसऱ्याच्या तोंडून गेला की उघड्यावर पडतो, मग ज्याला हवा तो उचलतो. एकेकाची बोलायची तऱ्हा.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा गेलो. वाटाड्या नाखूश होता, पण मी सोडते का? पहिली शिट्टी झाली. एक, दोन, तीन, मी चार. आणि मागून नाही, उजवीकडून, दरीच्या अंगाने कोणीतरी खणखणीत म्हणालं, पाच. आवाज माझा होता. मैदानावर मी लावायची तो.

डोंगरात आवाज फिरतो, तसंच काहीतरी. वाटाड्याने मात्र तिथूनच परत फिरवलं.

खोलीत आल्यावर धाकटी बोलली. सात महिन्यांनी पहिलं अख्खं वाक्य. म्हणाली, ताई, ते मी नव्हते. मला इतका आनंद झाला की ती काय म्हणाली याकडे माझं लक्षच गेलं नाही. ते आत्ता लिहिताना जातंय.

७ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी वाढप्याने एकच कप आणला. मी त्याला झापलं. चुकलं म्हणाला, दुसरा आणला आणि तोही माझ्यासमोरच ठेवला. धाकटी माझ्या शेजारी पावाला लोणी लावत होती. मग नवी नवरी आली आणि तिने मला विचारलं, एकट्याने फिरायचा कंटाळा नाही का येत.

मला भीती वाटली. स्पष्टच लिहिते.

वाटाड्याला गाठलं. त्याला धाकटी दिसते, पण तोही डोळे बारीक करून बघतो. म्हणाला, अशी खाली नेलीत तर घरी पोचेपर्यंत तुम्हालाही दिसायची नाही. उपाय एकच. उद्या त्याच वळणावर, त्याच माणसांनी, त्याच गाठी धरायच्या, आणि तिने आपला आकडा स्वतः म्हणायचा, दरीतलं म्हणायच्या आत. मी गप्प राहायचं, कितीही वेळ लागला तरी. हे त्याने दोनदा सांगितलं. मी म्हटलं, साठ पोरांचा वर्ग गप्प बसवलाय मी. तो म्हणाला, मी पोरांचं नाही, तुमचं बोलतोय.

संध्याकाळी धाकटीकडून सराव करून घेतला. ओठ हलतात. आवाज फुंकरीएवढा येतो. पण येतो.

८ नोव्हेंबर, गुरुवार. साडेपाच

सगळं लिहून काढते.

जोडप्याला वाटाड्याने कसंबसं तयार केलं. वळण आलं. शिट्टी. एक. दोन. तीन. मी चार.

मग काही नाही.

दोर मागे ताणलेला होता, म्हणजे ती होती. तिने श्वास घेतलेला मी ऐकला. मी मनात मोजत होते, दहा, वीस — दरीकडेही कोणीतरी श्वास घेतला. मोठा. ओरडण्याआधी घेतात तसा. मला वाटलं, आता ते म्हणणार, ते आधी म्हणणार, हिला नाही जमायचं —

तिचे ओठ मिटून उघडल्याचा आवाज आला. ती म्हणतच होती. पा — एवढं तर माझ्या कानांनी ऐकलं.

आणि मी म्हटलं. पाच. मोठ्याने. तिच्या आधी.

दोर हलका झाला.

पाचवी गाठ कोरडी होती. बाकी सगळा दोर ओला.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

वाटाड्या आणि आठ माणसं सकाळपासून खाली दरीत उतरलीत. जोडपं लॉज सोडून गेलं. मॅनेजर तिला ओळखत नाही, तरी बिचारा वही घेऊन बसला. अंगात काय होतं? राखाडी स्वेटर. तो मी काढून दिला होता. एकटी कुठे जाऊन बसायची सवय? घाबरली की काय करते? कोणाला हाक मारते?

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पन्नास वर्षांची बहीण. तिला विचारून बघा, असं म्हणणार होते.

तीन वाजले. धुकं अंगणात आलंय.

खिडकी लावली. काचेला टेकलंय.

शिट्टी. वाटाड्याची नाही — तो अजून खाली आहे.

एक. म्हातारा कोणीतरी.

दोन. बाई.

तीन. मूल आहे. लहान.

थांबलेत. माझी पाळी. थांबलेत सगळे.

नाही म्हणणार. एक हात तोंडावर घट्ट, एका हाताने लिहितेय. जमतंय. गप्प राहायला जमतंय मला, आज —

चार.

मी नाही म्हटलं. मी नाही.

धाकटी होती. तिचाच आवाज, मोकळा, पूर्वीसारखा. घाई नाही, राग नाही. तिला वाटलं ताईला जमत नाहीये, म्हणून माझ्यासाठी ती