बाबांनी दिलेलं गाणं

आई, इथूनच तुझ्या नाकाला नाक लावतो.

मी बरा आहे. बंदरावर काम आहे, भात पोटभर मिळतो. तुझ्या भट्टीतल्या तारोच्या कंदाची सर मात्र त्याला नाही. तुझी कंबर कशी आहे?

परवा बाबा स्वप्नात आले. "काय रे, शहरात जाऊन गळा गंजला की काय?" म्हणाले, आणि गाणं देऊन गेले. चाल सुरेख आहे, बायकांना हातवाऱ्यांसकट बसवता येईल. होडीचं गाणं आहे. वल्ही मारणाऱ्यांची नावं एकेक करून येतात: आजोबा, तेहुरूकाका, स्वतः बाबा. गेलेल्यांनी दिलेल्या गाण्यात गेलेल्यांचीच नावं असतात, हे तुला मी काय सांगू? पण चौथ्या वल्ह्यावर आपल्या पाकेवाचं नाव आलं.

मीच अर्धवट झोपेत काहीतरी जुळवलं असेल. तरी त्याला सध्या प्रवाळाच्या कड्याबाहेर मासे धरायला सोडू नकोस. "दादा भित्रा झालाय" म्हणेल, म्हणू दे.

जहाज तिकडे कधी लागेल कोण जाणे. आई, हे पत्र नेहमीसारखं पाकेवाच वाचून दाखवतोय ना तुला?

तुझा थोरला,
नातोरी