आईसकट वजन

अ‍ॅशबर्न, ६ मे २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोटो पाहून मी हबकलेच! पिकअपच्या पाठीवर अख्खं घर? आत शेगडी, मोरी, टपावर पलंग! आईला रेडवुडची झाडं दाखवायला मोटेल पुरलं नसतं का? मोहनने फोटो बघताच विचारलं, की पिकअपला एवढं वजन झेपतं का. दाराच्या कडेला स्टिकर असतो म्हणे, माल आणि माणसं मिळून किती ते सांगणारा. तू पाहिलास? बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच कुठे फिरायला निघतेय. तिला काही झालं तर मी तुला माफ करणार नाही.

सुचित्रावहिनीला नमस्कार. माया आहे म्हणूनच ओरडतेय.

तुझी,
शैलजा

सनीव्हेल, १३ मे

चि. शैलजास,
अ. आ.

मोहनराव कॉम्प्युटरवाले, त्यांनी कॉम्प्युटरचं बघावं! स्टिकर पाहिला, माहितीपत्रकातलं त्या घराचं, म्हणजे कॅम्परचं, वजनही पाहिलं. कॅम्पर बसवून वर थोडं उरतंच. आणि आपल्याकडचे ट्रक दुप्पट माल भरून घाट चढतात, ते विसरलीस? आपल्यासाठी एवढं कशाला, असं आई म्हणते, पण ते तिचं नेहमीचंच. शनिवारी निघतो.

काळजी कमी कर, लोभ तेवढा ठेव.

दादा

सनीव्हेल, २१ मे

चि. शैलजास,
अ. आ.

हायवेच्या पहिल्याच वळणावर गाडी अशी डुलली, की सुचित्रा किंचाळलीच. कशीबशी ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर नेली आणि आकडा बघून मी गार पडलो. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या कॅम्परचं होतं. पाणी, गॅस, आईचे पिठांचे नि लाडवांचे डबे आणि आम्ही तिघं, यातलं काहीच मी धरलं नव्हतं. मोहनरावांची माफी माग माझ्या वतीने.

पण खरा धक्का पुढेच होता. काय उतरवायचं यावर आम्ही नवराबायको हुज्जत घालत होतो. वळून बघतो तर आई बॅग घेऊन खाली उभी. तिला तुझ्याकडे येणाऱ्या विमानात बसवून द्यावं, म्हणजे गाडी हलकी होईल आणि आमची सुट्टी वाया जाणार नाही, असं ती शांतपणे म्हणाली. बॅगेत तिचं सगळं होतं : पातळं, औषधं, बाबांचा फोटो. ही कधी भरलीस, असं विचारलं, तर जानेवारीत आमच्याकडे आल्यापासून ती रिकामी केलीच नाही म्हणे. कधी निघावं लागेल, कुणी सांगावं! तिच्या खोलीतलं कपाट इतके महिने रिकामं होतं, शैलजा, आणि मी एकदाही उघडून पाहिलं नाही. त्या काट्यावरच मला रडू फुटलं.

कॅम्पर विकायला काढलाय. झाडं जूनमध्ये बघू, मोटेलात राहून. काल मी तिची पातळं कपाटात लावायला घेतली. आधी ती नको नको म्हणाली, मग माझ्या घड्या वाकड्या पडतात म्हणून चिडून स्वतःच लावू लागली. रिकामी बॅग मी गराजमध्ये नेऊन ठेवली. तिने ती परत मागितली नाही.

रागावलीस तरी पत्र धाडत जा.

दादा