पुस्तकातल्या आजीले कोनी आणलंच नाई

रूपाली,

मी जीपनं आसेगावले माया बहिणीकडं चालली. पिठलं झाकून ठेवलं हाये, गरम करून खाय.

तुयं थे पुस्तक वाचलं. त्यातलं सरकार म्हाताऱ्या माणसाईले एका मोठ्या भिंतीपल्याड नेऊन टाकते, हे वाचून म्या पुढची पानं भराभर पलटवली. वाटलं, गोष्टीतली पोरगी आपल्या आजीले सोडवून आणीन. पण थे एका पोराच्या मांगं लागली अन् आजीचं मंग नाव बी नाई! म्या लिवलं असतं त आजी रानडुकरावर बसून भिंत फोडत आली असती.

काल तुया बाप फोनवर वृद्धाश्रमाची चौकशी करून राह्यला होता. मायं नाव सांगतलं त्यानं. तवापासून मले लय भेव लागून राह्यलं.

घ्याले तूच येजो, बाई. बापाले पाठवू नको.

तुयी आजी