म्हशीच्या तोंडची खोप

ता. ११ फेब्रु., सोमवार
लिपायचा गारा सडला एकदाचा. काय घाण वास! गढीवरची पांढरी माती, भुस्सा, रस्त्यावरनं येचलेलं शेण अन् धुण्याचं पाणी. चांगलं पाणी कोण घालतंय. टँकर आला तर आला. गाऱ्यात किडे वळवळ करलालेत. तुडवून तुडवून पिंढऱ्या गेल्या.
मालक ओट्यावर बसून तंबाखू मळतेत. म्हणले, "वास येलालाय गं."
म्हणलं, "मग उतरा खाली अन् तुडवा. सवय हुईल."
न्हाई उतरले. नवऱ्याची जात.

ता. १५ फेब्रु.
तुराट्याचे कूड उभे केले, परसात बोरीजवळ. आतून लिपून झालं, बाहीरचं अर्ध.
ज्यो येतो त्यो इचारतो, खोप कशाला. खुरपी-टोपल्याला, अन् बियाला! घरावर पत्रं हायेत. मागल्या उन्हाळ्यात दोडका, गवार, भोपळा समदं गाडग्यात राख घालून ठिवलेलं. पेरलं तर एक कोंब न्हाई. भाजून निघालं पत्र्याखाली. आईचा वाल तेवढा वाचला, माहेरी भावाच्या मातीच्या माळवदाखाली होता म्हणून. आता भाऊ बी माळवद पाडून पत्रं घाललालाय. उदगीरला जाऊन गाडगं उचलून आणलं. भावजय म्हणली, "एवढ्याशा वालासाठी यस्टीचा धक्का खाल्ला व्हय वन्स?" तिला काय सांगावं.
गल्लीत कुणाकडं ह्या वालाचं बी ऱ्हायलं न्हाई. समद्यांनी शिजवून खाल्लं. हे एवढं जगलं पायजे.

ता. ४ मार्च, सोमवार
उपास. तरी छप्पर शाकारलं. दोन सालामागचा भिजून काळा पडलेला कडबा. बैल इकले तवा व्यापाऱ्यानं नाकाला उपरणं लावलं, फुकट बी नेला न्हाई. पेंड्या अंबाडीच्या दोरीनं बांधल्या, माझ्या आईची आडवी गाठ. ती गाठ ह्या गावात दुसऱ्या कुणाला येत न्हाई.
आत गेलं की गारवा. बसूनच ऱ्हावं वाटतंय.
थोरली जाव आली बघायला. आमचं बोलणं न्हाई, पण टोमण्याला बोलणं लागत न्हाई. वाऱ्याला सांगितल्यावाणी म्हणली, "जनावराच्या तोंडचं डोक्यावर घिऊन बसल्यात लोकं."
ह्योच कडबा तिला घ्या म्हणलं हुतं. तवा काय म्हणली? "माझी म्हस काय गाढव हाय का, असली घाण खायाला?"

ता. २२ मार्च
ग्रामसेवक आला. डोक्याला वासाचं तेल. घाम अन् तेलाचा वास मिळून आला, पदर नाकाला लावला. खोपीभवती फिरला, काडीनं कूड टोकरून बघितला. माझा कूड!
"बाई, शेड चांगलीय, पण योजनेच्या नियमात बसत नाही. वर पत्रा पाहिजे. पत्रा आम्ही देतो, फुकट."
म्हणलं, पत्रा नको म्हणून तर बांधली.
"अहो, आता आपला वेगळा जिल्हा झाला. लातूर किती जवळ आलं!"
"लातूर जवळ आलं, मग पाणी का म्हून लांब गेलं?"
हसला. ह्यांचं हसणं बघून किळस येती. मालक मागून म्हणले, "येऊ द्या की साहेब पत्रं." त्यांना बी तसंच हसू.

ता. ८ एप्रिल
टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास. चहात तेलाचे डोळे तरंगलालेत. तसाच पिला.
थोरलीची म्हस सुटून आली अन् कूड चाटलाली. चाटून चाटून तुराट्या उघड्या केल्या. लाळ, माशा, शी! पाठीत काठी घातली. काठी हाडावर वाजली. मांस हायच कुठं.

ता. १९ एप्रिल
छपराचं मागचं अंग उपसलेलं. म्हशीचं तोंड तितवर पोचत न्हाई. अन् उपसलंय कसं, मधूनच मूठभर हिथं, मूठभर तिथं. कुत्र्यानं पिसं उपटल्यावाणी. आतून आभाळ दिसलालंय.
थोरलीच्या अन् माझ्या परसामधल्या कुडावरून वाकून बघितलं. थोरलीच्या गव्हाणीत आईची गाठ.
गेलेच. पदर खोचून गेले. तोंडात पाच-पंचवीस शिव्या तयार.
म्हस बसलेली. मला बघून उठाया गेली, उठता आलं न्हाई. थोरली तिच्या तोंडात एक एक काडी घाललाली, लेकराला भरवल्यावाणी. काडी काळी, वास मारणारी. म्हस डोळे मिटून खालाली.
थोरली वर न बघता म्हणली, "बोल की. चोरटी म्हण."
तोंडात आलेलं समदं गिळलं. एवढंच म्हणलं, "गाढव झाली व्हय म्हस तुमची?"
"झाली. मी बी झाले."
परत आले. खोपीतलं वालाचं गाडगं भोकाखालनं बाजूला सरकवलं.

ता. २ मे
परत उपसलं. परत मधूनच! ह्या बाईला चोरता बी येत न्हाई. असं उपटलं तर म्हस बी जगायची न्हाई अन् बी बी.
सकाळी मधल्या कुडावरून वरडले, "ओ अक्का! उपटायचं कसं ते तरी शिका. पावळीपासनं, छपराच्या खालच्या कडंपासनं धरा, खालनं वर. उगवतीचं घ्या. मावळतीला तिसऱ्या पाराचं ऊन असतंय, तिकडं हात लावलात तर विळा घालीन."
कुडापल्याडनं थोरली म्हणली, "धाकटे, किती दिस पुरंल गं?"
"कुणाला? म्हशीला का बियाला?"


ता. ६ मे, सोमवार
पत्रं आलं. बोरीला टेकवून ठिवलंय. दुपारी त्याच्यावरनं ऊन असं डोळ्यात येतंय की शिवा शिवा. मालक बोटानं वाजवून बघतेत. "टणक हाय. म्हस तर खायाची न्हाई ना!" लई मोठा इनोद. म्हणलं, हात लावलात तर जेवायला त्येच वाढीन.

ता. १२ मे
उगवतीचं छप्पर आढ्यापतोर गेलं. या बारीला थोरलीनं नीट काढलंय, पेंडीला पेंडी. दोऱ्या सोडवून, गुंडाळून माझ्या उंबऱ्यावर ठिवल्या.
म्हस उठून उभी ऱ्हाती आता. परत कूड चाटलाली, बया.
ऊन सरकंल तसं गाडगं मावळतीच्या सावलीत सरकवते. आता कोपऱ्याला टेकलं, फुडं जागा न्हाई. आज दुपारी हात लावला तर कोमट लागलं. का माझाच हात तापला हुता, चुलीजवळनं आले हुते.
सांजच्याला परत लावून बघते.